भाषाविज्ञानातून संगणकीय भाषाविज्ञानाकडे : जर्मनीत मास्टर्ससाठी जाण्यापूर्वी

वाचकाचे पत्र : मी भाषाविज्ञानात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गणित दहावीनंतर सुटले. गेले काही महिने पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा स्वतःच शिकत आहे. पुढे जर्मनीत संगणकीय भाषाविज्ञानात, म्हणजे संगणकाकडून भाषेवर प्रक्रिया करवून घेण्याच्या शास्त्रात, मास्टर्स करावे असे मनात आहे. पण तेथे अभियांत्रिकीचे विद्यार्थी पुष्कळ असतात, त्यांच्यापुढे माझा निभाव लागेल का? ट्यूबिंगेन, श्टुटगार्ट, सारब्रुकेन आणि पोट्सडाम यांतून निवड कशी करावी? आता यंत्रच भाषा लिहू लागले असताना हे शिकून उपयोग काय, असे घरचे विचारतात आणि माझ्यापाशी उत्तर नसते. खर्चाचाही नीट अंदाज येत नाही. आणि तिकडे जाऊन मराठीवर काम करता येईल का?

सप्रेम नमस्कार,

तुमचा पहिला प्रश्न निभाव लागण्याचा आहे आणि बाकीच्या प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी त्याच्यावरच अवलंबून आहेत, म्हणून सुरुवात तेथूनच करणे बरे.

या अभ्यासक्रमांच्या पहिल्या सत्रात वर्गाचे दोन भाग पडलेले दिसतात. एका भागातल्या विद्यार्थ्यांना कोड लिहिणे हा डाव्या हातचा मळ असतो, परंतु समोरच्या वाक्यात कर्म कोणते आणि क्रियापदाचे रूप नेमके कोणाप्रमाणे बदलले आहे, असे विचारले की ते घुटमळतात; दुसऱ्या भागातल्यांना रूपिम, पदबंध, प्रयोग हे सारे अवगत असते, पण फळ्यावर बेरजेचे चिन्ह आणि त्याखाली दोन निर्देशांक दिसले की त्यांचा धीर सुटतो. अभ्यासक्रम आखणाऱ्यांना याची पूर्ण कल्पना असते, त्यामुळे अनेक विद्यापीठांत पहिल्या सत्रात एका गटासाठी भाषाविज्ञानाची आणि दुसऱ्या गटासाठी प्रोग्रॅमिंग व गणिताची पायाभरणी ठेवलेली असते. म्हणजे तुम्ही तेथे कोणाच्या वाट्याची जागा अडवून बसणार नाही. तुमच्यासारखे विद्यार्थी येणार हे गृहीत धरूनच वर्ग भरवलेला असतो.

माझे मत असे आहे की उणीव दोन्ही गटांत असली, तरी ती भरून काढायला लागणारा काळ सारखा नसतो. संभाव्यता, सदिश आणि विकलन यांची या विषयापुरती तयारी चिकाटीने केल्यास काही महिन्यांत होते, कारण त्यासाठी पाठ्यपुस्तके आणि उत्तरांसह उदाहरणे हवी तेवढी मिळतात. भाषेच्या रचनेकडे पाहण्याची नजर मात्र वर्षानुवर्षे वाक्ये सोडवूनच येते आणि ती तुमच्यापाशी आहे. परंतु या समाधानावर विसंबून गणित तिकडे गेल्यावर पाहू, असे कृपा करून ठरवू नका. नवे शहर, परक्या भाषेतील कार्यालये, स्वतःचा स्वयंपाक, वेगळी परीक्षापद्धती आणि त्यातच दहावीनंतर प्रथमच गणित, हा सगळा भार एकाच सत्रात आला तर चांगल्या विद्यार्थ्यांचीही दमछाक होते. निघण्यापूर्वीचे वर्ष गणितासाठी राखून ठेवा.

किती गणित, हेही सांगायला हवे, कारण 'गणित पक्के करा' एवढा मोघम सल्ला कोणाच्याच उपयोगाचा नसतो. सशर्त संभाव्यता आणि बेजचा सिद्धान्त, सदिशांचा बिंदुगुणाकार आणि सारणींचा गुणाकार, एका आत एक असलेल्या फलांचे विकलन करण्याचा साखळी-नियम, आणि लॉगॅरिदम, एवढे हाताने कागदावर करता आले पाहिजे. लॉगॅरिदमचे एक उदाहरण देणे उपयुक्त ठरेल. मजकुराची संभाव्यता काढताना त्यातील एकेका शब्दाची संभाव्यता गुणत जावे लागते. प्रत्येक शब्दाची संभाव्यता दहा हजारांत एक धरली, तर शंभर शब्दांच्या परिच्छेदाचे उत्तर येते ते असे की दशांशचिन्हानंतर पहिला शून्येतर अंक चारशेव्या स्थानावर असतो. संगणकाची नेहमीची दशांश-मांडणी सुमारे ३२४ स्थानांपलीकडे पोचत नाही, त्यामुळे तो मुकाट्याने उत्तर शून्य देतो आणि तुमचा प्रोग्रॅम जगातील सगळेच परिच्छेद अशक्य ठरवून मोकळा होतो. लॉगॅरिदम घेतले की गुणाकाराच्या जागी बेरीज येते आणि ही अडचण मुळातच उरत नाही. या विषयातले बरेचसे गणित असेच एखाद्या व्यवहारी अडचणीतून आलेले आहे, आणि ती अडचण आधी समजली की सूत्राची भीती वाटेनाशी होते.

पायथन शिकताना तयार लायब्ररी वापरून झटपट निकाल काढण्याचा मोह आवरा. फाइल उघडणे, शब्द मोजून कोशात साठवणे, रेग्युलर एक्सप्रेशन लिहिणे, स्वतःचे छोटे फंक्शन तपासून पाहणे, कमांड लाइन आणि गिट (कोडच्या आवृत्त्या जपणारे साधन) वापरणे, एवढे सहजपणे जमले पाहिजे. त्यानंतर शब्दांच्या जोड्यांवर आधारलेले एक साधे भाषा-प्रतिमान, म्हणजे पुढचा शब्द कोणता येईल याची संभाव्यता सांगणारा प्रोग्रॅम, कोणत्याही लायब्ररीविना स्वतः लिहून पाहा. ज्युराफ्स्की आणि मार्टिन यांच्या पाठ्यपुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीचा मसुदा इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे; त्यातील सुरुवातीची, एन-ग्रॅम (लागोपाठच्या शब्दांचे गट) आणि लॉजिस्टिक रिग्रेशन (वर्गीकरणाची एक संख्याशास्त्रीय पद्धत) यांची प्रकरणे पेन हातात घेऊन सोडवली, तर पहिल्या सत्राचा धसका राहणार नाही.

याबरोबरच एक लहान प्रकल्प करा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला स्वतःचे बळ दाखवण्याची तीच खरी संधी असते. उदाहरणादाखल मराठीतील 'की' घ्या. 'तो म्हणाला की उशीर होईल' यात तो दोन वाक्ये जोडतो, 'आज की उद्या' यात तो पर्याय विचारतो आणि 'येतो की!' यात तो केवळ जोर देतो. 'की' असलेली तीनशे वाक्ये जमवा, तीन प्रकारांची व्याख्या एका पानावर लिहून काढा, मग तुम्ही आणि एखादा सहाध्यायी एकमेकांची उत्तरे न पाहता प्रत्येक वाक्यावर खूण करा. दोघांचे किती ठिकाणी जुळले हे नुसत्या टक्केवारीने मोजू नका. योगायोगाने जुळण्याचा भाग वजा करणारा कोहेनचा कॅपा काढा. जेथे जुळले नाही ती वाक्ये पुन्हा वाचा, व्याख्या सुधारा आणि सुधारणा का केली ते लिहून ठेवा. मग या खुणांवरून एक साधा वर्गीकारक, म्हणजे वाक्य पाहून 'की'चा प्रकार ओळखणारा प्रोग्रॅम, शिकवा. समजा, तीनशेपैकी २४० वाक्यांत 'की' पहिल्या प्रकारचा निघाला, तर डोळे मिटून दरवेळी पहिलाच प्रकार सांगणारा प्रोग्रॅमही ८० टक्के बरोबर ठरतो; त्यामुळे तुमच्या वर्गीकारकाला ८२ टक्के मिळाले तर त्यात फुशारकी मारण्यासारखे काही नाही, आणि हे तुम्ही स्वतःहून अहवालात लिहिलेत तर वाचणाऱ्या प्राध्यापकाला तुमची समज तत्काळ कळते.

हा प्रकल्प अर्जासोबतच्या उद्देशपत्रालाही आधार देतो. 'मला लहानपणापासून भाषांची आवड आहे आणि तंत्रज्ञानाचे आकर्षण आहे' या वाक्याने सुरू होणारी उद्देशपत्रे निवड समित्यांकडे ढिगाने येतात आणि त्यांतून अर्जदाराविषयी काहीच समजत नाही. त्याऐवजी पहिल्याच परिच्छेदात 'की'चा प्रश्न मांडा, खुणा करताना दोघांचे कोठे जुळले नाही आणि का, ते सांगा, वर्गीकारक कोणत्या वाक्यांत फसला ते एका उदाहरणाने दाखवा आणि हा प्रश्न पुढे नेण्यासाठी तुम्हाला त्या विद्यापीठातील नेमका कोणता विषय शिकायचा आहे, ते लिहा. शिफारसपत्रेही अशाच प्राध्यापकांकडून घ्या ज्यांनी तुमचे काम प्रत्यक्ष तपासलेले आहे. केवळ पद मोठे म्हणून विभागप्रमुखांचे मोघम पत्र घेण्यात फायदा नाही.

आता निवडीविषयी. तुम्ही लिहिलेल्या चारही ठिकाणी मास्टर्सचे शिक्षण इंग्रजीतून होते, चारही अभ्यासक्रम १२० क्रेडिटचे आणि चार सत्रांचे आहेत, परंतु ते एकमेकांसारखे नाहीत आणि नावावरून तर त्यांची ओळख मुळीच पटत नाही. ट्यूबिंगेनची पदवी कला शाखेतील एम.ए. आहे, तर श्टुटगार्टची विज्ञान शाखेतील एम.एस्सी. सारब्रुकेनच्या सारलँड विद्यापीठात पदवीचे नाव भाषाशास्त्र आणि तंत्रज्ञान असे आहे; पोट्सडामच्या अभ्यासक्रमाचे नाव तर आकलन-प्रणाली असे असून भाषा, अध्ययन आणि तर्क ही त्याची तीन अंगे आहेत. परंपराही वेगवेगळ्या आहेत. ट्यूबिंगेनमध्ये जर्मन शब्दांचे अर्थसंबंध जोडून दाखवणारा शब्दजाल-कोश जर्मानेट आणि वृत्तपत्रीय वाक्यांची मोठी ट्रीबँक, म्हणजे रचनेच्या खुणा केलेला वाक्यसंग्रह, घडवली गेली, त्यामुळे भाषिक साधनसामग्री तयार करण्याचे वळण तेथे खोलवर रुजलेले आहे. श्टुटगार्टच्या संस्थेतून ट्रीटॅगर हे शब्दजाती ओळखणारे साधन १९९४ च्या सुमारास बाहेर पडले आणि पुढे अनेक भाषांसाठी वापरले गेले. तेथे भाषेवर यंत्राने प्रक्रिया करण्याच्या पद्धतींवर भर दिसतो. सारब्रुकेनच्या परिसरातच कृत्रिम बुद्धिमत्तेचे जर्मन संशोधन केंद्र डीएफकेआय आणि माक्स प्लांक संगणकशास्त्र संस्था आहे, शिवाय माणूस वाक्य वाचताना त्याला कोठे अडखळायला होते, याचा माहिती-सिद्धान्ताच्या अंगाने अभ्यास करणारा एक मोठा संशोधनगट तेथे २०१४ मध्ये सुरू झाला. पोट्सडाममध्ये संभाषण, संहितेची जडणघडण आणि मानसभाषाविज्ञान या बाजू बळकट आहेत.

या माहितीवरून तुम्ही लगेच कोणाला तरी पहिला क्रमांक द्यावा, अशी माझी अपेक्षा नाही. जागतिक क्रमवारीच्या याद्या तर बाजूलाच ठेवा. त्या अख्ख्या विद्यापीठाच्या असतात आणि वीस-तीस विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासक्रमाविषयी त्यांतून काही कळत नाही. प्रत्येक जर्मन अभ्यासक्रमाचे 'मोडूलहांडबुख' म्हणजे विषयपुस्तिका असते आणि ती सहसा विभागाच्या संकेतस्थळावरच मिळते. ती उतरवून घ्या आणि तीन गोष्टी पाहा. पहिली म्हणजे सक्तीचे विषय कोणते आणि त्यांची पूर्वतयारी काय धरली आहे. दुसरी, ऐच्छिक विषयांसाठी किती क्रेडिट मोकळे आहेत आणि संगणकशास्त्र विभागातील वर्ग त्यांत घेता येतात का. तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की गेल्या दोन-तीन सत्रांत हे विषय खरोखर शिकवले गेले का. पुस्तिकेत छापलेला प्रत्येक विषय दर सत्रात होतोच असे नाही, आणि ज्या प्राध्यापकाच्या नावावर जायचे तो त्याच वर्षी दुसरीकडे गेलेला असू शकतो. यासाठी सत्रनिहाय वेळापत्रक पाहावे लागते. कंटाळवाणे काम आहे, पण दोन वर्षांचा निर्णय त्यावर ठरणार आहे, तेव्हा ते टाळू नका.

प्रवेशाच्या अटीही त्याच बैठकीत वाचा. जर्मन विद्यापीठे अनेकदा आधीच्या पदवीत भाषाविज्ञानाचे किंवा संगणकशास्त्राचे अमुक इतके क्रेडिट असावेत, असे स्पष्ट लिहितात. एक युरोपीय क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचे काम. तुमच्या एम.ए.मधील प्रत्येक विषयाचा तपशील, तास आणि पाठ्यक्रम यांची एक सारणी इंग्रजीत तयार ठेवा आणि शंका असेल तेथे अभ्यासक्रम-समन्वयकाला दोन परिच्छेदांचे नेमके पत्र लिहून विचारा. भारतीय पदवीधारकांना जर्मनीच्या विद्यार्थी-व्हिसासाठी नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे पडताळल्याचा दाखला, घ्यावे लागते आणि ते हाती यायला वेळ लागतो, म्हणून प्रवेशाची वाट न पाहता त्याचा अर्ज आधी करा. हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. परदेशी अर्जदारांसाठी अर्जाची मुदत मात्र अनेक ठिकाणी त्याच्या कितीतरी महिने आधी संपलेली असते.

जर्मनीबाहेरचे पर्याय तुम्ही विचारलेले नाहीत, त्यामुळे त्यांविषयी थोडक्यात लिहितो. एडिनबरामध्ये वाणी आणि भाषाप्रक्रियेचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचा संगणकीय भाषाविज्ञानाचा अभ्यासक्रम ऑनलाइनही पूर्ण करता येतो. दोन्ही उत्तम आहेत. परंतु गणिताचा पाया नव्याने घालणाऱ्या विद्यार्थ्याला दोन वर्षांची मुदत मिळणे मला अधिक हितकर वाटते, त्यामुळे तुमची जर्मनीची निवड मला पटते.

घरच्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला उडवाउडवीचे उत्तर देऊ नये. १९५४ साली जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम यांनी साठाहून अधिक रशियन वाक्यांचे यंत्राकरवी इंग्रजीत भाषांतर करून दाखवले, तेव्हा अवघ्या काही वर्षांत भाषांतराचा प्रश्न सुटेल असे भाकीत झाले होते. १९६६ मध्ये यंत्रभाषांतराची पाहणी करणाऱ्या अमेरिकेतील अल्पाक समितीचा अहवाल आला, त्याने यंत्रभाषांतराच्या प्रगतीविषयी निराशा व्यक्त केली आणि अमेरिकेत त्या कामाचा निधी आटला. भाषेतील मूलभूत संगणकीय संशोधनाला आधार द्यावा, असे मात्र त्याच समितीने सुचवले होते. म्हणजे 'आता सगळे झाले' आणि 'यातून काही निष्पन्न होणार नाही' ही दोन्ही वाक्ये या क्षेत्राने फार लवकर ऐकली आहेत. २०१७ मध्ये आजच्या भाषा-प्रतिमानांच्या मुळाशी असलेली ट्रान्सफॉर्मर ही रचना आली आणि त्यानंतर यंत्रांनी लिहिलेल्या मजकुराचा दर्जा विलक्षण वाढला, हे खरे आहे. पण हे यंत्र कोणत्या भाषेत किती चुकते, चूक माहितीची आहे की व्याकरणाची, चाचणीतील वाक्ये त्याने शिकताना आधीच पाहिलेली होती का, हे ठरवायला भाषा आणि संख्या दोन्ही जाणणारा माणूस लागतो. भाषावैज्ञानिक एमिली बेंडर यांच्या नावाने ओळखला जाणारा एक साधा नियम आहे की आपले संशोधन कोणत्या भाषेवर केले, ते नेहमी नावानिशी लिहावे. असा नियम सांगावा लागला याचे कारण असंख्य शोधनिबंध केवळ इंग्रजीवर काम करून निष्कर्ष मात्र सरसकट 'भाषे'विषयी काढत होते.

तरीही घरच्यांपासून एक गोष्ट लपवू नका. व्याकरणाचे नियम हाताने लिहिण्याच्या ज्या नोकऱ्या पूर्वी भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मिळत, त्या कमी झाल्या आहेत आणि नवोदितांना पहिली नोकरी मिळवायला धडपडावे लागते. मिळणारे काम प्रतिमानांचे मूल्यमापन, विदेची (डेटाची) निवड आणि तपासणी, वाणी-तंत्रज्ञान, कायदा आणि वैद्यक यांसारख्या क्षेत्रांतील दस्तऐवजांतून माहिती काढणे, अशा स्वरूपाचे असते, आणि त्यात संगणक-अभियंत्यांशी थेट स्पर्धा असते. पदवीच्या भरवशावर मोठे कर्ज काढून जाणे मला म्हणूनच धोक्याचे वाटते. हाच विषय आवडतो, त्यातील किचकट काम करताना वेळेचे भान राहत नाही, आणि खर्च आवाक्यात बसतो, अशा तिन्ही गोष्टी असतील तर जरूर जा.

खर्च आवाक्यात बसवण्याच्या दृष्टीने जर्मनी खरोखर सोयीची आहे, पण राज्याराज्यांत फरक आहे. ट्यूबिंगेन आणि श्टुटगार्ट ही दोन्ही बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतात आणि तेथे युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून २०१७ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो शिक्षणशुल्क घेतले जाते, म्हणजे चार सत्रांचे ६,००० युरो. सारब्रुकेन आणि पोट्सडाम येथे असे शुल्क नाही. दर सत्राला काहीशे युरोंचा अंशदान-निधी भरावा लागतो. व्हिसासाठी पहिल्या वर्षाच्या निर्वाहाची तरतूद दाखवावी लागते आणि २०२४ च्या सप्टेंबरपासून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, ठेवायची रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो आहे. ही रक्कम बदलत असते, तेव्हा अर्जाच्या वेळी दूतावासाच्या पानावर पुन्हा पाहा. ती फी नव्हे, ती तुमच्याच जगण्याला लागणार आहे, हे घरी समजावून सांगा. आणि हिशेब चार सत्रांचा न करता पाच सत्रांचा करा, कारण प्रबंध आणि लांबलेले निबंध यांमुळे पाचवे सत्र लागणे फार सामान्य आहे.

मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस नोकरी करता येते. विद्यापीठातील विद्यार्थी-सहायकाचे काम, ज्याला तिकडे 'हीवी' म्हणतात, या मर्यादेत मोजले जात नाही. हॉटेलात उभे राहून दोन पैसे अधिक मिळत असले तरी तुम्ही पहिल्या वर्षाच्या अखेरीपासून हीवीच्या कामामागे लागा, असे मी म्हणेन; कॉर्पसवर (भाषेच्या मजकूरसंग्रहावर) खुणा करणे, विद्यार्थ्यांची गृहपाठ-पत्रके तपासणे, प्रयोगांचे कोड नीटनेटके करणे ही कामे भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मिळतात आणि त्यांतूनच प्रबंधाचे मार्गदर्शक भेटतात. डॉइचलांडश्टिपेंडियम ही महिना ३०० युरोंची शिष्यवृत्ती राष्ट्रीयत्व न पाहता गुणवत्तेवर मिळते; प्रवेश झाल्यावर आपल्या विद्यापीठात तिचा अर्ज केव्हा असतो ते विचारून ठेवा. वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत मात्र प्रवेशपत्र हाती पडेल त्याच दिवशी नाव नोंदवा.

जर्मन भाषेविषयी तुम्ही काहीच विचारले नाही, याची मला थोडी काळजी वाटते. वर्ग इंग्रजीत असले तरी घरमालक, परदेशी नागरिक कार्यालय आणि डॉक्टरांची स्वागतिका यांचा व्यवहार जर्मनमध्ये चालतो. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांचा निवासपरवाना मिळतो, पण या विषयातील बऱ्याच लहान कंपन्या जर्मन मजकुरावर काम करतात आणि भाषा न येणाऱ्या उमेदवाराला त्या मुलाखतीलाही बोलावत नाहीत. जाण्यापूर्वी जर्मनची ए-२ (प्राथमिक) आणि पदवी मिळेपर्यंत बी-२ (स्वतंत्रपणे व्यवहार करण्याइतकी) ही पातळी गाठण्याचे ठरवा.

तेथील अभ्यासपद्धतीतली एक अडचण आधीच सांगून ठेवणे आवश्यक आहे. अनेक चर्चासत्रांत गुण लेखी परीक्षेवर मिळत नाहीत, तर सत्र संपल्यावर लिहायच्या पंधरा-वीस पानी निबंधावर, म्हणजे 'हाउसआर्बाइट'वर मिळतात. वर्ग संपलेले, मागे लागायला कोणी नाही, अशा अवस्थेत दोन-तीन निबंध एकाच वेळी बाकी राहतात आणि ते पुढच्या सत्रात सरकत जातात. चर्चासत्राच्या मध्यावरच प्राध्यापकांना भेटून निबंधाचा विषय नक्की करा आणि विदा गोळा करायला लागा. प्राध्यापकांच्या भेटीच्या ठरावीक वेळा असतात. त्यांना जाऊन साधा प्रश्न विचारण्यात तेथे कोणालाही वावगे वाटत नाही.

राहिला मराठीचा प्रश्न. काम करता येते, आणि तुम्ही ते करावे असे मला मनापासून वाटते, पण ते कोणी आयते तुमच्या पुढ्यात ठेवणार नाही. युनिव्हर्सल डिपेंडन्सीज या प्रकल्पात शंभराहून अधिक भाषांच्या वाक्यांची रचना एकाच पद्धतीने खुणा करून ठेवलेली आहे. त्यात मराठीची ट्रीबँक आहे, पण तिची वाक्ये पाचशेहून कमी आहेत, तर जर्मन आणि चेक यांच्यासाठी ती लाखाच्या घरात आहेत. अडचणी अगदी लिपीपासून सुरू होतात. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या संगणकीय पद्धतीत तीन बाइट घेते, रोमन अक्षराला एकच बाइट पुरतो, त्यामुळे बाइटांवरून मजकुराचे तुकडे पाडणारा आणि मुख्यतः इंग्रजीवर शिकलेला टोकनायझर तेवढ्याच आशयाच्या मराठी वाक्याचे कितीतरी जास्त तुकडे करतो. 'दऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे टंकित होऊ शकतो : एकदा नुक्ता असलेला र आणि हलन्त, आणि एकदा साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह. वाचणाऱ्याला दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात आणि संगणक मात्र ते दोन निराळे शब्द म्हणून मोजतो. शब्द मोजण्यापूर्वी हे एकसारखे करून घेतले नाही, तर पुढचे सगळे आकडे चुकतात. रूपांचेही तसेच आहे. 'विहीर'चे 'विहिरीत' होताना दीर्घ ई ऱ्हस्व होते आणि 'मूल'चे 'मुलाला' होताना ऊ. प्रत्यय केवळ कापून टाकणारा प्रोग्रॅम 'विहिरी' आणि 'मुला' यांपाशी थांबतो आणि कोशातील मूळ शब्दापर्यंत पोचत नाही. सामान्यरूपाचे हे नियम सांत-अवस्था यंत्रात, म्हणजे एकेक अक्षर वाचत ठरावीक अवस्थांतून जाणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बसवणे हा एका सत्राच्या निबंधाला पुरेल असा सुरेख विषय आहे.

मात्र तुमच्या मार्गदर्शकांना मराठी येणार नाही, हे धरून चाला. प्रत्येक उदाहरणाखाली लाइपझिगच्या संकेतांप्रमाणे शब्दशः अर्थ आणि व्याकरणिक खुणा लिहा, म्हणजे न कळणाऱ्या भाषेतील युक्तिवादही त्यांना तपासता येईल. शक्य असेल तेथे मराठीसोबत त्यांना येणारी एखादी भाषा तुलनेला घ्या; जर्मनमध्ये विभक्ती आणि लिंग दोन्ही असल्यामुळे ती चांगली जोडीदार ठरते. दुसऱ्या सत्राच्या अखेरीस, सुट्टी लागण्यापूर्वी, प्रबंधाविषयीचा एक पानाचा प्रस्ताव घेऊन मार्गदर्शकांना भेटा. त्यात प्रश्न काय, वाक्ये कोठून आणणार, ती वापरण्याचा परवाना आहे का, आणि खुणा करायला दुसरी मराठी भाषक व्यक्ती कोण, या चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. चौथ्या गोष्टीची व्यवस्था तुम्ही निघण्यापूर्वीच करून ठेवू शकता : 'की'च्या वाक्यांवर ज्या सहाध्यायासोबत खुणा कराल, त्यालाच दोन वर्षांनी पुन्हा तेवढा वेळ देता येईल का, ते आताच विचारून ठेवा.